संतापाने शब्द फुटेना

"सुभेदार, देशाला एका शब्दात सांगा, युद्ध हवं की नको?" निवेदकाने टेबलावर मूठ आपटली.

निवृत्त सुभेदार धोंडिराम कणसे यांचा एक पाय सीमेवर गेला होता. म्हणून तर वृत्तवाहिनीने त्यांना खास साताऱ्याहून गाडी पाठवून बोलावलं होतं. ते सावकाश म्हणाले, "माझ्या तुकडीतली अकरा पोरं मी पेटीत घालून घरी पाठवली. म्हणून सांगतो..."

तेवढ्यात त्यांचा माईक बंद केला गेला. 'युद्ध नको' म्हणताना सुभेदारांचे फक्त ओठ हलले आणि डोळे भरून आले.

"बघा!" निवेदक गरजला. "संतापाने त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही!" पडद्यावर ज्वाळांत अक्षरं झळकली : 'वीराची एकच मागणी, युद्ध!'

दुसऱ्या दिवशी शेजारचे पतसंस्थेचे मॅनेजर खर्शीकर पेढे घेऊन आले. "सुभेदार, काल काय बोललात! अंगावर काटा आला."

"अहो, मी युद्ध नको म्हणालो."

"असं कसं? आम्ही डोळ्यांनी वाचलं की." खर्शीकरांनी त्यांची समजूत घातली. "आता माघार नाही. आपण सगळे तयार आहोत!"

"सगळे?" सुभेदारांनी विचारलं. "मग तुमचा अभय कधी जातोय भरतीला?"

मॅनेजर दुखावले.

"काहीतरीच काय! एकुलता एक आहे तो," ते म्हणाले. "शिवाय त्याला धुळीची ॲलर्जी आहे."