पितळी पंच

आखाती देशातल्या अब्बासिया वस्तीत, आपल्या खोलीत वामन कीर्तनाची हार्मोनियम दुरुस्त करत बसला होता, तेवढ्यात तो कामाला होता त्या कंपनीचा मालक पिस्तूल घेऊन आला. त्याच्या नळीच्या टोकावर नेम धरायची खूण, म्हणजे नवी माशी, त्याला घरच्या घरी बसवून हवी होती.

"अवजारं कोणती आणू?"

"पोलादी पंचानं ठोकलं की ओरखडे पडतात, साहेब. पितळी लागेल, आणि लाकडी हातोडी."

मालकानं हार्मोनियमशेजारचा पंच उचलला. "हा पितळीच आहे की! चल, ठोक."

वामननं तो हलकेच काढून घेतला. "हा देवाच्या कामाचा. यानं पिस्तुलाचा नेम नाही बसवणार मी."

"तुझा पासपोर्ट माझ्या कपाटात आहे, विसरलास?"

"नाही विसरलो. उद्या कीर्तनाला या, साहेब. पासपोर्ट राहू दे कपाटात. हात मी कुणाच्या कपाटात ठेवलेले नाहीत."