पुढच्या ब्रेकमधली हवा

"दाबा, काकू. अजून एकदा. आता धरून ठेवा, सोडू नका."

कांताबाईंनी हँडलवरची ब्रेकची दांडी मुठीत आवळून धरली. खाली चाकाशी बसलेल्या धर्मेंद्रनं पान्यानं हवा काढायचं निपल अर्धा आटा सैल केलं. पारदर्शक नळीतून काळपट तेल बाटलीत उतरलं आणि त्याच्यामागून बुडबुडे आले. दोन-चार नाही, ओळच्या ओळ. त्यानं निपल पुन्हा आवळलं.

"सोडा."

नंदनवन वस्तीतल्या आपल्या गॅरेजात हे काम तो एरवी एकट्यानंच उरकायचा, एक हात वर, एक हात खाली. आज कांताबाई आपणहून पुढे झाल्या. गाडी त्यांच्या मुलाची, रोशनची होती. बुटीबोरीच्या रस्त्यावर उभ्या ट्रकला मागून धडकून तो गेला, त्याला आठ महिने झाले. गाडी आत्ता कुठे पोलिसांकडून सुटून आली होती. धाकट्या दीप्तीला मिहानमधल्या एका कंपनीत काम लागलं होतं, सोमवारपासून ती हीच गाडी नेणार होती.

"एवढी हवा अंदर गेली कुठून गा?" कांताबाईंनी विचारलं.

धर्मेंद्रनं बाटलीवरून नजर काढली नाही. कालपासून त्यानं गाडीचा पुढचा सगळा भाग बदलला होता, पण ब्रेकची नळी जुनीच होती, तिचा एकही सांधा खोलला नव्हता. तिला ओरखडाही नव्हता. कुठे थेंबाची गळती नव्हती. अशा नळीत हवा आपोआप शिरत नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी या ब्रेकचं सील त्यानंच बदललं होतं. दांडी जरा मऊच लागत होती, म्हणजे आत हवा राहिली होती. पुन्हा एकदा हवा काढायला हवी होती. रोशनला घाई होती. "चालते का, भाऊ?" त्यानं विचारलं आणि धर्मेंद्र म्हणाला, "चालते, जाय."

"उभी राहून राहून भरते, काकू," तो आता म्हणाला. "आठ महिने गाडी धूळ खात होती ना."

"म्हणजे तवा नव्हती?"

"नाही."

"तवा ब्रेक चांगला होता?"

"एकदम चांगला होता."

कांताबाईंनी मान हलवली. त्यांचा हात अजून दांडीवरच होता. मग त्या अगदी हळू आवाजात बोलल्या.

"मले तेच विचाराचं होतं तुले. मी फोन केला होता त्याले. येता येता दही आणजो म्हणून. त्यानं उचलला. 'हो आई' म्हणला, अन् मंग काहीच ऐकू नाही आलं. मले वाटलं, कटला." त्यांनी उजव्या हाताची मूठ उघडून पाहिली. "फोन याच हातात धरला असन. ब्रेक चांगला होता, पण दाबाले हातच रिकामा नव्हता. मले रोज वाटे, ब्रेकनंच दगा देल्ला असन. तसं असतं तं बरं झालं असतं."

धर्मेंद्रनं पाना खाली ठेवला. तो उठून उभा राहिला. गॅरेजसमोरून एक ऑटो फटफटत गेला, तो जाईपर्यंतही त्याला दम निघाला नाही.

"काकू, मी खोटं बोललो. ही हवा तवाचीच आहे. मीच सारी काढली नव्हती. दांडी मऊ लागत होती, तरी मी त्याले जाय म्हणलो. तुमच्या फोननं काही नाही झालं. माह्या हातानं झालं."

 कांताबाईंच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून तो वाट पाहत होता. त्यांनी ओरडावं, शेजारचे गोळा करावेत, थोबाडीत मारावी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण राग आला नाही.

"काहून असं बोलून राहिला, बाबू?"

"खरं बोलून राहिलो, काकू."

"खरं मघाशी बोलला. तवा तुले माह्या फोनचं माहीत नव्हतं. आता दया येऊन राहिली तुले."

"दया नाही, काकू. माह्या पोरीची शपथ घेऊन..."

त्यांनी झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. हाताला ब्रेकच्या तेलाचा वास होता.

"लेकराची शपथ नाही घ्यायची," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी तं मुळीच नाही. तू चांगला आहेस. रोशनही म्हणे, धर्माभाऊसारखा मिस्त्री नाही."

त्या पुन्हा गाडीजवळ गेल्या आणि दांडीवर हात ठेवून त्याची वाट पाहू लागल्या. धर्मेंद्र खाली बसला. दाबा, धरा, सोडा. त्यानं नवं तेल ओतलं, पुन्हा ओतलं. बुडबुडे कधीच थांबले होते आणि दांडी दगडासारखी कडक लागत होती, तरी तो निपल सैल करत होता आणि आवळत होता. शेवटी कांताबाईच म्हणाल्या, "झालं ना गा आता?"

दीप्ती नवं हेल्मेट घेऊन आली. तिनं गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, ब्रेक दाबून पाहिला आणि परत आली. "मस्त लागते, भाऊ," ती हसून म्हणाली.

कांताबाई तिच्या मागे बसल्या. पदर सावरला, धर्मेंद्रकडे पाहून मान हलवली. मग पुढे वाकून त्यांनी मुलीच्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला.

"गाडी चालवताना फोन आला तं उचलू नको," त्या म्हणाल्या. "माहा असला तरी."