फरशीखालची ओल

चौथी फरशी उचलली तेव्हा खालून ओल्या मातीचा वास आला आणि लताबाई दारातच थांबल्या.

"मुरूम खाली बसलाय," हिरामण म्हणाला. कंत्राटदाराने पाठवलेला हा गवंडी पन्नाशीचा होता, सावकाश बोलायचा. "मोरीचा पाइप लय दिवसांचा झिरपतोय. यावर नव्या फरश्या टाकल्या तर त्यापण हलतील."

"मग काय करायचं?"

"पाइप बदलायचा. ओली माती काढायची, तळ सुकू द्यायचा. मग नवा भराव."

लताबाईंचे यजमान धनराजराव यांना घाई होती. मुलासाठी, ज्ञानेशसाठी, इगतपुरीचं स्थळ आलं होतं. मुलगी शाळेत शिकवत होती, वडील रेल्वेत होते. सगळी बोलणी मुलीच्या मामांनी केली होती; फरशीचा कंत्राटदारही त्यांनीच सुचवला होता. रविवारी बघायला जायचं, जमलं तर पुढे पाहुणे घरी येणार, आणि गंगापूर रोडवरच्या या घराच्या बैठकीत पाय ठेवावा तिथे फरशी डुगडुगत होती. तरी लताबाईंनी नवऱ्याची समजूत घातली आणि हिरामणला हवा तेवढा वेळ दिला.

सामान गच्चीवर गेलं होतं. रिकाम्या घरात प्रत्येक आवाज पाण्यातून आल्यासारखा येई. दुपारी पडदे काढलेल्या खिडकीतून ऊन उघड्या मातीवर पसरे, त्यात धूळ तरंगत राही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून लताबाई भराव ठोकण्याची ठप् ठप् ऐकत पेंगत. कधी वाटे, हे घर अजून बांधायचंच आहे आणि आपण अजून कुणाच्या कुणीच झालेलो नाही.

"बाई, घरात पहिलं कोण उठतं?" एकदा हिरामणने विचारलं.

"मीच."

"आणि जेवायला शेवटी कोण बसतं?"

त्या हसल्या. "पूर्वी मीच बसायचे. आता तिघं बरोबर बसतो. का हो?"

"वावर कुठं जास्त ते कळलं पायजे. तिथं भराव घट्ट लागतो."

दुसऱ्या दुपारी त्याने सासूबाईंबद्दल विचारलं. अर्धवट झोपेत असल्यासारख्या लताबाई सांगत गेल्या. धनराजरावांनाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

"येवल्याहून लग्न होऊन आले, त्याच आठवड्यात माझ्या हातून दूध उतू गेलं. सासूबाई ओरडल्या नाहीत. फक्त बोलायच्या बंद झाल्या, ते थेट दिवाळीपर्यंत. मी याच खोलीत भिंतीकडे तोंड करून रडायचे."

हिरामणचा हात थांबला. "आता तुमी सासू होणार."

"होईन."

"सुनेच्या हातनं दूध उतू गेलं तर?"

लताबाई उघड्या मातीकडे बघत राहिल्या. "ओरडेन," त्या म्हणाल्या. "माझं तोंड चालतं, खोटं कशाला सांगू? पण संध्याकाळी हाक मारून जवळ बसवीन. अबोला धरायचा नाही, एवढं ठरवलंय."

हिरामण उठला. पातळी बघायची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन त्याने एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसरं समोरच्या भिंतीला लावलं. पाणी दोन्हीकडे थोडं हललं, मग ठरलं. खोलीच्या दोन टोकांना दोघं ते पाणी बघत उभे राहिले. हिरामणने आपल्या बाजूला पेन्सिलीने खूण केली, मग येऊन त्यांच्या बाजूला.

शनिवारी सकाळी भरावावर सिमेंटचा कोबा घालून झाला. हिरामणने त्यावर ओली पोती अंथरली, हात धुतले आणि लताबाईंनी दिलेला चहा उंबऱ्यावर बसून प्यायला.

"हा नीट पिकला की फरश्या दुसरा गवंडी बसवील," तो म्हणाला. "माझी सुट्टी संपली."

"तुमच्या हातचंच सगळं झालं असतं तर बरं वाटलं असतं."

"तळ चांगला हाय बाई," तो उठत म्हणाला. "आता काळजी नाय."

रविवारी इगतपुरी धुक्यात होती. स्टेशनवर घ्यायला आलेले मामा त्यांना रेल्वेच्या क्वार्टरांमधून चालवत घेऊन गेले. धुक्यातून एकेक घर पुढे येई आणि मागे विरघळे. ज्ञानेश सारखी कॉलर नीट करत होता. लताबाई उगीच पदर सारखा करत होत्या, जणू आज त्यांनाच कुणी बघणार होतं.

मामांनी एका दाराची कडी वाजवली. दार उघडलं.

"हे मुलीचे वडील, रेल्वेत गवंडी आहेत," मामा म्हणाले.

इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातल्या हिरामणने हात जोडले.

"या, विहीणबाई," तो म्हणाला.