राखेतली जोडवी

भूतकाळाच्या सहलीवरून परतलेल्या द्वारकाबाईंना तपासणी अधिकारी डहाके यांनी वेगळ्या खोलीत बसवलं आणि पुढ्यात एक फोटो सरकवला. लाखो वर्षांपूर्वी ओल्या राखेत उमटून पुढे दगड झालेली पावलं होती ती.

"मावशी, या बोटात जोडवं कसं?"

"असेल तेव्हाची कुणी सवाष्ण."

"तेव्हा माणूसच नव्हता! खुणा न उमटणारे बूट दिले होते ना तुम्हाला?"

"काढले की. समोर डोंगर साक्षात धुमसतोय, आणि पायताण घालून जायचं?"

डहाकेंनी डोळे बारीक केले. मागे राहिलेली खूण, त्या वेळेत जाऊन ती उमटायच्या आधीच, पुसायची आणि प्रवाशाचा पास कायमचा रद्द करायचा, असा नियम होता. पुसणारं पथक बाहेर निघायच्या तयारीत होतं.

"आणि तुमच्या मागची ही लहान पावलं? कुणाला चोरून नेलं होतंत?"

"छे हो! एक केसाळ लेकुरवाळी होती, चार पायांवर फिरणारी. मी लुगडं उचलून चालले, तशी तीही पोर कडेवर घेऊन दोन पायांवर उभी राहिली आणि आली माझ्या मागोमाग."

डहाकेंनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग ते ताडकन उठले आणि दाराकडे धावले.

"अरे, थांबवा त्या पुसणाऱ्यांना!"