चौथी उशी

मावशीने शिंप्याच्या पाठीमागे चौथी उशी कोंबली आणि यंत्राकडे पाहिलं. त्याच्या बोटाला लावलेल्या चिमट्याचा, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा आकडा ब्याऐंशीवर आला होता. खाटेवर आणलं तेव्हा तो सत्त्याऐंशी होता.

शिंपी तिचा नवरा, आणि वॉर्डही तिचाच. बावीस वर्षं ती इथे आया म्हणून राबत होती. आज रजा टाकून खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली होती, एवढाच फरक. धाप लागलेला माणूस दिसला की आधी त्याला बसतं करायचं, हे तिच्या हातांना झोपेतही ठाऊक होतं. अशी बसती केलेली कितीतरी माणसं पुढे आपल्या पायांनी घरी गेली होती. नेमकी घरच्याच माणसापुढे विद्या हरावी, याचा तिला राग येत होता.

शिंपी तळहात पालथा करून गादीकडे दाखवत होता. आडवं कर, म्हणत होता. घरीही महिनाभर हेच चाललं होतं. मशीनवर दहा मिनिटं बसला की धापा टाकत उठायचा आणि कापडं बेतायच्या टेबलाखाली जाऊन पडायचा. लिव्हर बिघडलं की माणूस आळशी होतो, म्हणत ती त्याला ओढून खुर्चीत बसवायची. झोपेत घसरू नये म्हणून खुर्चीला चादरीने बांधायची. पेशंटचं ऐकत बसलं तर एकही पेशंट घरी जायचा नाही, हे तिचं वॉर्डभर माहीत असलेलं वाक्य.

आकडा ऐंशीवर आला. नखं जांभळी पडली होती. ऑक्सिजन पूर्ण सोडलेला होता.

नवी डॉक्टरीण छातीचा फोटो खिडकीसमोर धरून बघत होती. फुप्फुसं तर स्वच्छ दिसतायत, असं ती स्वतःशीच म्हणाली. मग फोटो ठेवून तिने पोट तपासायला खाट खाली करण्याचा दांडा धरला. मावशीने तिचं मनगट पकडलं.

"आडवं करू नका, डॉक्टर. जीव जाईल त्यांचा. माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत."

"दोनच मिनिटं, मावशी. लिव्हर हाताला लागायला हवं."

डॉक्टरीणबाईंनी मनगट सोडवून घेतलं, चारही उशा ओढून काढल्या आणि दांडा फिरवला. आकडा अठ्ठ्याहत्तर झाला. मावशीने डोळे मिटून घेतले.

दांड्याची करकर थांबली. धापेचा आवाजही थांबला. संपलं, असं वाटून तिने डोळे उघडले.

पंच्याऐंशी. मग नव्वद. मग त्र्याण्णव.

डॉक्टरीणबाई पोट विसरल्या. त्यांनी खाट थोडी उचलली, आकडा घसरला. पुन्हा खाली केली, आकडा चढला. मग त्यांनी समजावून सांगितलं. झिजलेल्या लिव्हरमुळे फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या नको तेवढ्या रुंद होतात. माणूस बसला की रक्त खालच्या भागात उतरतं आणि हवा न घेताच पुढे निघून जातं. मूळ दुखणं छातीत नव्हतंच. पुढे मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल, रस्ता लांबचा आहे, पण आजचा दिवस निभावला.

मावशीला चादरीच्या गाठी आठवल्या. किती घट्ट मारायची ती!

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"बोललो की," शिंपी सावकाश म्हणाला. किती दिवसांनी तो धापेविना बोलत होता. "पण तू पेशंटचं कुठे ऐकतेस?"

ती खाली पडलेल्या उशा गोळा करू लागली. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेने हाक मारली. मामंजींना धाप लागलीय, एक उशी द्या ना, बसवते त्यांना, असं ती म्हणत होती.

मावशी गेली. उशी काखेतच ठेवून ती म्हाताऱ्याच्या तोंडाशी वाकली.

"आजोबा," तिने विचारलं, "बसता की पडता?"