तळ्याचा नंबर

“काळ्या रानाला बाई, मीठ कुणी शिंपलं,
हिरवं लुगडं त्याचं, कुणी गं जाळलं?”

खुरपता खुरपता आई हे म्हणायची, तेव्हा कृष्णात बांधावर मातीत खेळत असे. पुढं आई गेली, आणि रानही गेलं. वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून हातकणंगल्याकडचं आक्काताईंचं ते शिवार मिठानं पांढरंफटक पडलं. तेच रान कृष्णातनं खंडानं घेतलं, तळं खोदलं आणि कोळंबी सोडली. गवत न उगवणाऱ्या मातीत ती लेकरासारखी वाढली.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात त्याच बांधावर ब्लीचिंग पावडरची पोती रचली होती.

“क्रेटवरचा नंबर, फॅक्टरीतला लॉट, कंटेनर. सगळं जुळतंय, कृष्णातराव,” कोळंबी परदेशी पाठवणाऱ्या कंपनीच्या श्रुतीमॅडम म्हणाल्या. “युरोपच्या बंदरात ज्या मालात बंदीचं औषध सापडलं, तो ह्याच तळ्यातला. पहिल्यांदा जाळं ओढून काढला तो.”

“मी घातलं न्हाय, मॅडम. रोग आलता तवा कोळंबी डोळ्यादेखत मेली, तरी घातलं न्हाय. पाणी बदललं, मग हटला रोग.”

“मग कुणी घातलं? औषध आत आलं कसं, हे कळलं तर पुढच्या वर्षी तळ्याच्या निर्यात नंबरासाठी पुन्हा अर्ज करता येईल. नाहीतर तळं कायमचं बंद. आणि घालणाऱ्याला आमच्या कुठल्याच तळ्यावर काम मिळणार नाही.”

कृष्णातनं मेव्हण्याकडं बघितलं. संग्राम हुपरीचा. चांदीच्या पैंजणांना डाग देऊन सांधे जोडता जोडता भट्टीच्या धुरानं त्याची छाती भरली. भट्टीपुढं बसलास तर मरशील, असं डॉक्टरनी बजावलं, तेव्हा बहिणीनं त्याला राखणीला इथं आणलं. तळ्यावरच्या वाऱ्यानं खोकला आता कुठं उतरू लागला होता.

रोगाच्या दिवसांत त्यानंच कोंबड्यांच्या औषधाचा, तळ्यात घालायला बंदी असलेला पुडा आणला होता. त्यावरून दोघांची बांधावर जोरात जुंपली होती.

“दाजी, तुमीच म्हणालासा टाकून दे म्हणून. टाकला की! आक्कांच्या उकिरड्यात. आईच्यान सांगतो.”

“मग पुडा पायानं चालत तळ्यात आला व्हय रं?”

संग्रामनं बोलायला तोंड उघडलं. खोकला तेवढा आला.

तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरनं आक्काताई येताना दिसल्या. पांढरं लुगडं, हातात तांब्या. पाणी फडक्यातनं गाळून, फडक्यातले जीव परत विहिरीत सोडणारी जैनाची म्हातारी. रान त्यांचं, पण तळं झाल्यापासून त्यांनी इकडं पाऊल टाकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. खंड घेतानाही तोंड फिरवून बसायच्या. ‘जीव मारायला रान दिलं मी,’ म्हणायच्या.

आता खूष होईल म्हातारी, कृष्णातच्या मनात आलं.

“पावणीला पाणी आणलंय,” त्या म्हणाल्या. “ही पोती कसली रं?”

“तळं मारतोय, आक्का. तुमच्या मनासारखं झालं बघा.”

“मारतोय म्हंजे? समदी?”

“समदी. खायची न्हाईत, इकायची न्हाईत. खड्डा काढून पुरायची.”

गड्यांनी पहिलं पोतं फोडलं. पांढरी पूड पाण्यावर पसरली. नाकात झोंबणारा वास उठला आणि कडेचं पाणी एकदम उकळल्यासारखं झालं. कोळंबी उसळत होती, पाय झाडत काठावर चढू बघत होती.

श्रुतीमॅडमनी रुमाल नाकाला लावला. “नाव सांगा, कृष्णातराव.”

कृष्णातला बायकोचा चेहरा आठवला. त्यानं तो बाजूला सारला.

“संग्राम. माझ्या बायकोचा भाऊ. त्यानंच घातलं. लिवा.”

मॅडमनी लिहिलं. संग्रामनं दाजीकडं एकदा बघितलं, खोपीतली पिशवी उचलली आणि हुपरीच्या वाटेला लागला. आक्काताई त्याच्या पाठीकडं बघत राहिल्या, मग पाण्याकडं. हातातला तांब्या कलंडला तरी त्यांना कळलं नाही.

“त्या पोराचं नाव खोडा, बाई,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं भांडण मी ऐकलंतं. उकिरड्यातला पुडा मीच उचलला. पहाटं येऊन मीच वतला.”

कृष्णात वळला. म्हातारीचे डोळे पाण्यावरनं हलत नव्हते.

“रोगानं मरत हुती रं. मला बघवलं न्हाय.”