शिवणीतलं कापड

"टेप बाजूला ठेव," बेकरीवाला म्हणाला. "माझं माप हा कोटच घेईल."

शिंपीण बायकोनं टेप परत गळ्यात अडकवली. नवरा स्वतःच्या लग्नातला कोट चढवून समोर उभा होता. गुंडी आणि काज यांच्यात चांगलं चार बोटांचं अंतर होतं, आणि मधल्या जागेतून पोट मजेत बाहेर बघत होतं. लेकीच्या लग्नात हाच कोट घालायचा, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंना कोटाशी काही देणंघेणं नव्हतं. "साखर वाढायच्या बेतात आहे," त्यांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "या वेळीही पथ्य मध्येच सोडलं, तर पुढे हृदयाचा भरवसा मी देणार नाही. पण उपाशी ठेवू नका हं. ताट काढून घ्यायचं नाही, ताटातलं बदलायचं. अर्धं ताट भाज्या, मग डाळ, अंडी, दही. फळाचा रस नको, फळ चावून खाऊ दे."

मध्येच सोडण्यात नवऱ्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चार दिवस तोंडाला कुलूप, मग वजनाचा काटा ढिम्म हलत नाही म्हटलं की स्वारी थेट लोण्याच्या बिस्किटांच्या बरणीपाशी. दिवसभर गरम पावाच्या वासात उभं राहणाऱ्या माणसाला नावं तरी काय ठेवायची? त्याची उमेद टिकली पाहिजे, एवढंच तिला कळत होतं.

म्हणून पहिल्याच शनिवारी तो फिरायला बाहेर पडताच तिनं कोट मशीनवर घेतला. जुन्या शिंप्यानं शिवणीत आत भरपूर कापड सोडलं होतं. तिनं दोन्ही कडा थोड्या उसवल्या, नव्यानं टीप मारली आणि वर इस्त्री फिरवली.

रविवारी नवरा ओरडतच खोलीबाहेर आला. "अगं बघ, बघ! गुंडी सरकली!"

तिनं लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. त्या आनंदात त्यानं पालकाची भाजी दोनदा मागून घेतली.

मग काय, घरात उत्साहाला उधाण आलं. तो स्वतः बाजारात जाऊन गाजरं पारखू लागला. मोड आलेली मटकी खिशात घालून बेकरीत जाऊ लागला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचे गुण सांगून पिडू लागला. जिन्यात धापा टाकणारा माणूस शीळ घालत वर येऊ लागला. दर शनिवारी ती उसवायची. दर रविवारी तो दार लावून कोट चढवायचा, बाहेर यायचा, आणि ती टाळ्या वाजवायची.

"आई, घरातले टॉवेल जातात तरी कुठे?" लेक एकदा करवादली.

"नेले असतील तुझ्या बाबांनी बेकरीत."

गिऱ्हाइकाचं माप ती नुसत्या नजरेनं सांगायची. पण नवरा ढगळ शर्टात वावरायचा, आणि त्याच्याकडे नीट बघायचा तिला धीरच होत नव्हता. खरं माप दिसलं तर?

लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं शिवण चाचपली. आत कापडच उरलं नव्हतं. गुंडीला अजून बोटभर कमी पडत होतं. उद्या त्याचा हिरमोड झाला, की परवा पुन्हा ती बिस्किटांची बरणी.

सकाळी ती श्वास रोखून दारापाशी उभी राहिली. दार उघडलं. गुंडी लागली होती! कोट अंगावर असा चोपून बसला होता, जणू कालच बेतला.

"लागली!" ती किंचाळली. टाळ्या वाजवता वाजवता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा!" लेक धावत आली आणि तिनं त्याला गच्च मिठी मारली.

कोटाखालून काहीतरी घसरलं. एक टॉवेल जमिनीवर पडला. मग दुसरा. मग आंघोळीचा मोठा. कोट खुंटीला टांगल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबू लागला. बायकोनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. पोट कुठेच नव्हतं.

नवरा ओशाळून हसला.

"काय करणार! तू दर शनिवारी उसवायचीस, तुझं बिंग फुटू नये म्हणून मला दर रविवारी एक टॉवेल वाढवावा लागायचा."